फोटोखालचं नाव

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," लेक म्हणाली आणि तिने लॅपटॉप आपल्या फोटोग्राफर बापाकडे वळवला. "हा फोटो असताना तू वेबसाइटच्या पहिल्या पानावर सूर्यास्त टाकतोयस?"

स्क्रीनवर तिची आजी होती, म्हणजे फोटोग्राफरची आई. हॉस्पिटलच्या पायऱ्या, आजूबाजूला गर्दी, आणि त्या गर्दीतून थेट कॅमेऱ्याकडे आलेला तिचा हात. बोटं फाकलेली, तोंड उघडं. नवरा गेल्याचं डॉक्टरांनी तिला नुकतंच सांगितलं होतं.

"हा नको," फोटोग्राफर म्हणाला.

"का नको? याच्यावर तर तुझं नाव झालं."

ते खरंच होतं. याच फोटोला बक्षीस मिळालं, आणि त्यानंतर लग्नांच्या ऑर्डरी सुटून मोठी कामं यायला लागली. त्या हाताबद्दल लोक भरभरून बोलत. बोलायला लागले की हा मान खाली घाली, याचे कान लाल होत. बघा, केवढा विनय, असं लोक म्हणत. विनय कसला डोंबलाचा. त्याला लाज वाटायची. कुणी फारच खोदून विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. गर्दीचा इतका गलका होता की काही ऐकू येत नव्हतं, फक्त हात दिसला आणि बटण दाबलं गेलं. हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की आता जीभसुद्धा अडखळत नसे.

वेबसाइटचं घोंगडं कधीचं भिजत पडलं होतं. लेक मागे लागायची आणि तो कानाडोळा करायचा. पण आता एका मोठ्या प्रदर्शनाचे लोक उद्या त्याचं काम बघणार होते, आणि दाखवायला होतं काय, तर पत्र्याच्या डब्यातल्या निगेटिव्ह. म्हणून लेकीने सकाळपासून जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं होतं. सगळे जुने रोल तिने स्कॅन केले होते.

"याच्या पुढचेही आहेत," ती म्हणाली. "यात बघ, आजी वाकलीये. यात आणखी खाली. आणि इथे आत्याने येऊन धरलंय तिला." ती परत पहिल्या फोटोवर आली. मग म्हणाली, "पण पहिलाच भारी आहे."

"पुढचे टाकू नकोस," तो घाईघाईने म्हणाला. "टाकायचाच असेल तर तो एकच टाक."

लेकीला तेवढंच हवं होतं. फोटो पहिल्या पानावर गेला.

"आता नाव सांग. प्रत्येक फोटोखाली नाव हवं."

स्पर्धेत त्या फोटोला नुसता नंबर होता. वर्तमानपत्राने आपल्या मनाने 'आक्रोश' छापलं होतं. ते त्याला कधीच आवडलं नव्हतं. आक्रोश म्हटलं की लोक तोंडाकडे बघणार. लोकांनी तोंडाकडे बघायला नको होतं.

"हात," तो म्हणाला. "नुसतं 'हात'."

लेकीने लिहिलं. बारीक, करड्या, नखरेल अक्षरांत.

"अक्षरं आहेत की मुंग्या?"

"याला स्टाइल म्हणतात, बाबा."

"काय चाललंय बापलेकीचं?" म्हणत त्याची आई आतल्या खोलीतून आली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, त्यामुळे भिंतीला धरून. तो फोटो घरात कधी लावला नव्हता. मला तो दिवस परत दाखवू नका, असं तिनेच सांगितलं होतं. फोटोग्राफर लॅपटॉप मिटायला पुढे झाला.

"राहू दे," आई म्हणाली. "आता बघवेल मला."

ती खुर्ची ओढून बसली. चष्मा सारखा करून तिने फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. मग आणखी पुढे झुकली आणि खालच्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं.

"हाक."

लेकीने बापाकडे पाहिलं.

"हे बरं नाव दिलंस," ती म्हणाली. "त्या पेपरवाल्यांनी भलतंच काहीतरी लिहिलं होतं. मी रडत नव्हते रे तेव्हा. रडू फार नंतर आलं. पायांतलं बळच गेलं होतं माझ्या, म्हणून तुला बोलवत होते."

तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"मी आपली समजूत घालून घेतली होती. म्हटलं, एवढ्या गलक्यात त्याच्यापर्यंत हाक पोचलीच नसेल. नाहीतर धावत आला असता." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "ऐकू आली होती का रे तुला?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

लेक हसली. "अगं आजी, ते 'हाक' नाहीये, ते तर..."

त्याने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. ती गोंधळून गप्प झाली. तिने ते एक अक्षर वाचून दाखवलं असतं तर तो सहीसलामत सुटला असता. आईची समजूतही जिथल्या तिथे राहिली असती. इतक्या वर्षांचं उत्तर जिभेवर तयार होतं, गर्दी, गलका, सगळं. आई वाट बघत होती. तो तिच्या चेहऱ्याकडे बघू शकला नाही, म्हणून स्क्रीनकडे पाहिलं, तर तिथेही तीच होती, तोंड उघडं.

"आली होती," तो म्हणाला.