देवमाशाची शेपटी

अलास्कातल्या त्लिंगित लोकांत कूळ आईकडून येतं, त्यामुळे बाबांच्या डफावर रंगवलेला देवमासा नोरीनचा नव्हता; ते बाबांच्या आणि आत्याच्या कुळाचं चिन्ह होतं. तरीही एका जुन्या फोटोवरून तिनं त्याला संगणकावर पोहायला लावलं होतं. बाबांच्या स्मरणभोजनात ती फिल्म दाखवायची तर आत्याचा होकार हवा. धुरी दिलेला सॅमन मासा ताटात तसाच ठेवून आत्यानं फिल्म शेवटपर्यंत पाहिली. “बंद कर,” ती म्हणाली. नोरीननं लॅपटॉप मिटला. बाबांसाठी करण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. “बापाच्या बोटीवर वाढलीस ना गं? देवमासा कधी सॅमनसारखी डावीकडे-उजवीकडे शेपटी हलवतो? वर-खाली हलवतो, बाई! माझा भाऊ पोट धरून हसला असता.” मग आत्यानं आतून तो डफ आणला आणि नोरीनच्या मांडीवर ठेवला. “फोटो कसला बघतेस? याला बघून नीट कर. भोजनाला चारच दिवस उरलेत.” नोरीननं लॅपटॉप उघडला.