घरघर

एकाहत्तरचा डिसेंबर. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या क्वार्टरात मुरलीनं भंगारातल्या नळीचा गॅस बर्नर बनवला होता. फॅक्टरीत फिटरच होता तो. चुलीच्या धुरानं आईला धाप लागायची, आणि ज्वारीच्या गोड धांड्यांची काकवी तर तिला या वर्षीही करायचीच होती. बर्नर विमानासारखा घरघरायचा, पण आई ठार बहिरी, तिला त्याचं काय.

रस उकळायला लागला तसा मुरली गाळायचं फडकं मागायला शेजारच्या इंदूताईंकडे गेला. तेवढ्यात भरदुपारी सायरन वाजला. वॉर्डन तिवारीजींनी दोघांनाही समोरच्या खंदकात उतरवलं.

"विमान डोक्यावरच फिरून राहिलं वाटते," इंदूताई पुटपुटल्या.

"माझा बर्नर आहे तो, ताई. आई एकटी बसली आहे तिथं."

तेवढ्यात घरघर थांबली.

"गेलं बाई एकदाचं," म्हणत इंदूताईंनी श्वास सोडला. मुरलीचा मात्र अडकला. रस उतू जाऊन ज्योत विझली असणार, आणि गॅस तसाच चालू. "काकवी उतू गेली," म्हणत तो धडपडत उठला. तिवारीजींनी खांद्याला धरून मायेनंच त्याला खाली बसवलं.

"काकवी गई तो गई, भैया. जान बची रहे."

"काकवी नाही हो, गॅस..."

क्वार्टरातून आईचा खणखणीत आवाज आला, "मुरली, तुझी शेगडी विझली रे. तू ये सावकाश, मीच लावते."