समुद्रफेस

खर्र... खर्र...

दुपारच्या शांततेत गॅलरीतून आवाज आला आणि आतल्या खोलीत पडून असलेल्या आईच्या जिवात जीव आला.

"खातेय गं बाई एकदाची," ती स्वतःशीच म्हणाली.

गेल्या महिन्यात लव्हबर्डच्या मादीनं मऊ अंडं घातलं होतं. कवच असं नव्हतंच; बोट लागताच दबून फुटलं. लेक त्या दिवशी धड जेवली नाही. फुटलंच कसं, असं विचारून तिनं पिच्छा पुरवला. शेवटी आईनं सांगितलं, "आईच्या अंगात कॅल्शियम कमी पडलं की कवच कच्चं राहतं, राणी. त्यात कुणाची चूक नसते."

हे शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली.

मग बाबांनी पक्ष्यांना कॅल्शियमसाठी देतात तो समुद्रफेस आणला. पांढरा, होडीसारखा, हातात घेतला तर वजनच नाही. तारेनं पिंजऱ्याला बांधला, तर मादी त्याच्याकडे पाठ करून बसली. आईनं पक्षीवाल्याला फोन लावला. लेकीनं स्पीकर चालू केला.

"मऊ बाजू आत करा, वहिनी. बसायच्या दांडीजवळ, चोचीच्या उंचीला. पाण्याच्या वाटीवर नको, भिजतो. तारेला बुजत असेल तर कपड्यांचा लाकडी चिमटा लावा."

"आणि तरी नाहीच खाल्लं तर?"

"चमच्यानं खरवडायचं आणि खाण्यात मिसळायचं. कळतही नाही त्यांना." मग त्याचा आवाज उतरला. "पण या खेपेलाही मऊ आलं तर जोडी वेगळी करा. तिच्या जिवावर बेतेल."

फोन ठेवून आईनं कूस बदलली.

डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. लेकीला सांगितलं होतं की पाठ धरलीय. मागच्या उन्हाळ्यातही पाठच धरली होती; तेव्हा तर चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं होतं.

त्यामुळे चिमटा बाबांनी लावला आणि देखरेख लेकीकडे आली. "आज एवढा संपला," ती रोज बोटाचं पेर दाखवून सांगायची. चारच्या दुधाचा पेलाही आपणच न्यायचा, हा नियम तिनं स्वतःच केला होता.

"तळाशी हे रवाळ काय गं?"

"साखर. ढवळायला विसरले."

"बापावर गेलीस हो. सगळं अर्धवट."

"अर्धवट तूच सोडतेस. तळाचं पी आधी."

आई हसून पेला रिकामा करायची.

रविवारी सकाळी बाबांनी गॅलरीतून हाक मारली. "अगं, अंडं घातलंय. पण..."

ती भिंतीला धरून सावकाश आली. अंडं पिंजऱ्याच्या तळाशी पडलं होतं, पुन्हा मऊ, एका बाजूनं दबलेलं. मादी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली होती.

"अर्धा समुद्रफेस फस्त केला की हिनं," बाबा म्हणाले. "गेला कुठे तो सगळा?"

आईनं चिमटा काढून समुद्रफेस उजेडात धरला. चोचीची एकही खूण नव्हती. होत्या त्या सरळ, एकसारख्या रेघा, चमच्याच्या कडेनं ओढलेल्या.

तिनं लेकीला जवळ ओढलं. "तू खरवडत होतीस? अगं, मग तिच्या दाण्यात का नाही घातलंस?"

"दोघींना पुरलं नसतं," लेक खाली बघत म्हणाली.

"दोघी कोण?"

लेकीनं तळहात आईच्या पोटावर ठेवला, अंड्यावर ठेवावा इतका हलका.

"मी तुझ्या दुधात घालत होते," ती म्हणाली. "आई, मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यात आपलं बाळ फुटलं, तेव्हा तुला कुणीच खरवडून दिलं नव्हतं का?"