चिमट्याला कुंकू

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांना झेंडूचे हार चढत होते आणि तेजलला खासनीस सरांच्या हातातल्या पूजेच्या ताटाकडे बघवत नव्हतं.

तीन वर्षं ती एका पातळ, पारदर्शक थरापायी राबली होती. तो थर खोलीच्या तापमानाला चुंबक होतो आणि उद्याचे कॉम्प्युटर त्याच्याच जोरावर इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालतील, असं सर गावोगाव व्याख्यानांत सांगत फिरायचे. परवा तिने सहज, स्टीलऐवजी प्लॅस्टिकच्या चिमट्याने नमुना उचलला. चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावरची रेघ सपाट आली. दहा नमुने तपासले, दहाही तसेच. थर कधी चुंबक नव्हताच. स्टीलचा चिमटा घासला जाऊन थराला लागलेले लोखंडाचे कण तेवढे चुंबक होते.

काल तिने ते आलेख सरांच्या टेबलावर ठेवले. बिचारे खचतील, या धास्तीने तिला रात्री घास गेला नाही.

आता सरांनी ताटातला तोच जुना स्टीलचा चिमटा उचलला, त्याला हळदकुंकू लावलं आणि गोड हसून म्हणाले, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं गं. सोमवारी अनुदानाची समिती येतेय, तेव्हा नमुना यानेच उचलायचा. चल, नमस्कार कर."

 तेजलने मागे वळून पाहिलं. तिच्या आधीपासून सरांकडे संशोधन करणारे दोघेही सीनियर हात जोडून, डोळे मिटून उभे होते आणि आश्चर्य एकाच्याही चेहऱ्यावर औषधालासुद्धा नव्हतं.