गिळलेला निरोप

"पाठवणारा पाठवतोय, घेणारा वाट बघत बसलाय, मग सिग्नल जातो कुठे?" हेरंबनं डोकं धरलं.

लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत रविवारची दुपार चालली होती. जेवणाची ताटं उचलल्या जागी त्यानं कंपनीतलं सलाइनचं यंत्र मांडलं होतं. नळीत हवेचा बुडबुडा आला की यंत्रानं ठणाणा करायला हवा. शंभरात एखाद वेळा मात्र ते मुकाट बसायचं. उद्या ते हॉस्पिटलात जाणार, खऱ्या माणसाच्या हाताला लागणार. यंत्राच्या पोटातल्या प्रोग्रॅममध्ये म्हणे तीन कामकरी. एक बुडबुडा बघतो आणि सिग्नल देतो. दुसरा सिग्नल मिळाला की भोंगा वाजवतो. तिसरा नुसती नोंद लिहितो. पहिल्या दोघांना हेरंबनं अकरा दिवस पिंजून काढलं होतं. पोराच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

त्याची आई कौसल्या वाल सोलत होती. भिंतीला टेकून तिचा नवरा बुधाजी डोळे मिटून बसला होता. अकरा दिवस ती हेच ऐकत होती. निरोप कुठे जातो, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्र्याऐंशी साली गिरणीचा संप आतून मोडत आला होता, तेव्हा बुधाजीच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, दगडू दारात येऊन सांगून गेला होता, "बुधाजीला म्हणावं, सोमवारी मागच्या गेटानं ये. घेतो कामावर." त्याच आठवड्यात असंच गुपचूप कामावर जाणाऱ्या एकाचं डोकं चाळीत फोडलं होतं. कौसल्या घाबरली. तिनं निरोप गिळला. पुढे गिरणीच बंद झाली. "मला बोलावणं आलंच नाही," असं लोकांना सांगत बुधाजीनं बावीस वर्षं वॉचमनकीत काढली.

आता तोंड उघडावं, तर नवरा विचारणार, तुला कसं कळलं? न उघडावं, तर उद्या कुणाच्या तरी शिरेत हवा जायची. तिनं हातातला वाल खाली ठेवला.

"तो तिसरा बघितलास का रे?"

"आई, तो नुसता लिहितो गं. त्याचा काय संबंध?"

"नुसतं दारात बसलेलं माणूसच निरोप घेतं, बाबा."

हेरंब वैतागला, पण बघितलं त्यानं. दहा मिनिटांनी कपाळावर हात मारला. "च्यायला! हा पण त्याच सिग्नलवर बसलाय. हा आधी पोचला की सिग्नल घेऊन पुसून टाकतो, भोंगेवाल्याला पत्ताच नाही!"

त्यानं दोघांना वेगवेगळे सिग्नल दिले. तीनशे बुडबुडे सोडले. यंत्र तीनशे वेळा बोंबललं. शेजारच्या चंपानं भिंतीवर थापा मारल्या, तरी तो थांबला नाही. मग यंत्र पिशवीत घालून, आईच्या पायाला हात लावून तो कंपनीत पळाला.

खोली शांत झाली. बुधाजीनं डोळे उघडले.

"तुला कसं कळलं गो?"

कौसल्यानं सगळं सांगितलं. वर बघायची छाती झाली नाही. "तुमची गिरणी मी घालवली," एवढं म्हणून ती रडायला लागली.

बुधाजी भिंत सोडून पुढे सरकला.

"रडू नको. दगडूनं मलाही नाक्यावर गाठलं होतं. मीच गेलो नाही. सगळे बाहेर असताना मागच्या गेटानं जायला पाय उचलेना."

ती बघतच राहिली. "अहो, मग बोलावणं आलंच नाही, असं का सांगत राहिलात जन्मभर?"

"तू तेव्हा शिवाजी पार्कात चार घरची भांडी घासत होतीस," तो म्हणाला. "चालत आलेलं काम मी सोडलं, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"