दंडावरची खूण

"करोनाच्या लशीनंच माणसं मरतायत! आमच्या दारात पाय ठेवायचा नाही!" हौसाबाईंचा मुलगा अंगावर धावून आला, तशी लशीची नोंद घ्यायला आलेली गावची आशा सेविका कुंदा दोन पावलं मागे सरली. सकाळपासूनचं हे सातवं घर. एका दारात तर तिच्यावर कुत्रं सोडलं होतं.

तेवढ्यात आतून सत्तरीच्या हौसाबाई म्हणाल्या, "कशाला भांडतोस रे? मला टोचलंय, पोरी. दंडावर खूण हाय."

मुलगा चपापला. म्हातारीनं त्याच्या नकळत लस घेतली असेल, असं वाटून कुंदाचा जीव भांड्यात पडला. कधी, कुठे, हे विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं. हौसाबाईंच्या नावापुढे 'लस घेतली' असं लिहून ती पुढच्या घराकडे वळली.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हौसाबाई व्हरांड्यातल्या सतरंजीवर धापा टाकत पडल्या होत्या. आत एकही खाट रिकामी नव्हती. मुलगा दिसेल त्या डॉक्टरचे पाय धरत, सोबत आलेल्या कुंदाकडे बोट दाखवत होता. "आईनं लस घेतलीय, साहेब! या ताईंना विचारा!"

रक्तदाब मोजायला नर्सनं बाही वर सारली. दंडावर रुपयाएवढे दोन जुनाट वण होते. लहानपणी देवीची लस टोचल्याचे, साठेक वर्षांपूर्वीचे.

कुंदानं वाकून ते वण पाहिले. हौसाबाईंनी बोट त्या वणांवर ठेवलं.

"बघ पोरी... खोटं नव्हते बोलले मी."