बारा हात लांब जंत

जंत बारा हात लांब होता, जुन्या गोधड्या जोडून शिवलेला. त्याच्या आत रामहरी दोन तासांपासून शिजत होता.

नाटक मनिषानं लिहिलेलं. पहिली-दुसरीच्या पोरांसाठी, पंधरा मिनिटांचं. पोटात जंत शिरतो, पोरांच्या वाटचं खातो, पोरं ओरडून त्याला हाकलतात आणि नाटक संपताच नर्सबाईंच्या हातून जंताची गोळी गिळतात. केजजवळच्या या वस्तीवर मागच्या साली पोरांनी गोळ्या जिभेखाली धरल्या आणि शाळेमागं थुंकल्या. तिथल्या कोंबड्या तेवढ्या अशा धष्टपुष्ट झाल्या की कुत्री त्यांना वाट द्यायला लागली. यंदा गोळी पोरांच्याच पोटात जायला हवी, म्हणून मनिषा आली होती.

पण आधी सत्कार. सरपंचांचा, माजी सरपंचांचा, पुढं होऊ घातलेल्या तिघांचा. शाल एकच, पाठीमागून परत यायची. तिला आता सगळ्या पक्षांच्या घामाचा वास मारत होता.

"सर, पोरं पेंगायला लागली," मनिषा मुख्याध्यापक धर्मराज सरांना म्हणाली. "आमाला सुरू करू द्या."

"ताई, दादा आत्ता आलेत. दादांच्या आधी जंत कसा सोडू?"

तालुक्याचे पुढारी विजयसिंहदादांनी भाषणासाठी तोंड मोकळं केलं. गुटख्याची पिचकारी पायरीवर उतरवलेल्या पोरांच्या चपलांवर गेली. एकही मोठं माणूस त्या चपलांकडे बघेना. पाऊण तास ते स्वच्छतेवर बोलले. तोवर खिचडी शिजली, निवली आणि पोरांच्या ताटल्यांत पडलीसुद्धा.

खाली बसताना दादांना दाराआड गोधड्या दिसल्या.

"कोण हाय बे हे?"

"जंत हाय, दादा," सर म्हणाले.

"मग त्याला कावून उभं केलंय? पाव्हणा हाय ना? आणा, करा सत्कार!"

मांडव हसून लोळला. दोघांनी रामहरीला उचलून दादांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. शेपूट लांब पडली, ती सरांनी स्वतः उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवली. शाल घातली, नारळ दिला. दादांनी जंताच्या तोंडात पेढा कोंबला आणि फोटोसाठी तसाच हात धरून ठेवला.

"ताई, मला बाहेर काढा," आतून रामहरी कण्हला. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

मनिषानं माईक ओढला आणि नाटक शेवटापासूनच सुरू केलं.

"पोरांनो, बघा याला! हा तुमच्या वाटचं खातो. तुमच्या पोटात राहून तुमालाच खातो! सांगा, आता याला काय करायचं?"

नर्सबाई तळहातावर गोळ्या घेऊन उभ्या.

पुढून दिपाली उठली. हातपाय काड्यांसारखे, पोट घागरीएवढं. तिनं आपली ताटली दोन्ही हातांनी उचलली, खिचडी सांडू न देता चालत गेली आणि जंताच्या मांडीवर ठेवली.

"जेवा, साहेब," ती म्हणाली आणि पाया पडली.

तिच्या मागं, आपापली ताटली सांभाळत, पहिलीची सगळी पोरं रांगेत उभी राहिली.